भांगलायचा राहिलेला तुकडा : मृग ते दिवाळी, २०२४

८ जून २०२४, शनिवार

मृग लागला. काल रात्री एक सर येऊन गेली, माती नुसती वरवर भिजली.

साताऱ्यात गोडोलीतल्या आमच्या घरामागं कंपाउंडच्या भिंतीला लागून दहा फूट बाय सहा फुटांचा तुकडा आहे. गेल्या वर्षीपर्यंत तिथं गवार-भेंडी व्हायची. यंदा तो कुणी भांगलायचा नाही, असं मी घरात जाहीर केलं. जे उगवेल ते उगवू दे. त्याच्या फुलांवर कोण कोण येतं ते दिवाळीपर्यंत बघायचं, लिहायचं, फोटो काढायचे. बायको म्हणाली, "म्हणजे काम न करायचं काम." तसंच आहे. एमआयडीसीत बत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलो, आता स्टुलावर बसायचं.

पद्धत ठरवली आहे. रोज सकाळी साडेनऊला पंधरा मिनिटं बसायचं. तेवढ्यात कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, फक्त वहीत काड्या मारायच्या. किड्यानं फुलात तोंड घातलं तर काडी, नुसता टेकून उडाला तर नाही. फोटो त्यानंतर.

१६ जून, रविवार

हिरवं पोपटी अंग धरलं आहे. केना, टाकळा, आघाडा एवढे कोवळेपणीही ओळखू येतात. बाकी आईला विचारावं लागतं. आई ऐंशीची आहे, चष्मा न लावता दोन पानांवरून नाव सांगते.

सकाळी मृगाचे किडे निघाले. लाल मखमल, बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन गप्प. पहिला फोटो त्याचा. मोबाइलला क्लिपची भिंगं मिळतात त्यातलं एक लावून वीस काढले, वीसच्या वीस धूसर. एकात मात्र पाय मोजता आले : आठ. म्हणजे हा कीटकच नाही, कोळी-गोचिडांच्या भावकीतला. नावात किडा असून प्रकल्पात बसत नाही. तरी पहिल्या पानावर त्यालाच ठेवला, मान त्याचा आहे.

३० जून, रविवार

भिंतीच्या कडेचा जुना दगडीपाला फुलला. लहानपणी गुडघा फुटला की याचाच पाला चोळून लावायचे. ही आपली अस्सल रानवनस्पती असं मी आजवर धरून चाललो होतो, पण ती मूळची अमेरिका खंडातली निघाली. इथल्या माश्यांनी तिला केव्हाच पदरात घेतलेलं दिसतं.

आजची मोजणी : तांदळाच्या दाण्याएवढी काळी माशी ११, फुलोरी (बारकी मधमाशी) ४, निळसर बारकं फुलपाखरू (ग्रास ब्लू) १. मुंग्या मोजत नाही, त्यांची रहदारी वेगळी.

आणि फोटो? सोळा. सोळाही त्या एका फुलपाखराचे.

साडेआठला जाऊन बघितलं तर फुलांवर कुणीच नसतं. ऊन भिंत ओलांडून आत आलं की दहा मिनिटांत वर्दळ सुरू. यांचं मस्टर उन्हावर आहे.

२१ जुलै, रविवार

बेंदूर होऊन गेला. तुकड्यात आता गुडघाभर रान आहे आणि मधोमध केन्याची निळी फुलं.

केन्याचं फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटून चिकट होतं. साडेनऊला म्हणजे त्याची भर दुपारच. म्हणून गेला आठवडा साडेसातलाही एक फेरी करतो. फुलात वरच्या बाजूला पिवळेधमक तुरे दिसतात, माशी थेट तिथं जाते. पण ते बरेचसे दिखाऊ, खरे परागकोश खाली, फिकट, लक्षात न येणारे. माशी वर खात बसली की तिच्या पोटाला खालचे पराग लागतात. वर सरबत आणि खाली पावतीपुस्तक, असला प्रकार.

एक रोप उपटून बघितलं. मुळाशी पांढऱ्या देठांवर मातीतच बंद फुलं होती. ती उघडत नाहीत, आतल्या आत बी धरतात, त्यांना माशी लागत नाही. शेतकरी वर खुरपून दमतो आणि केना खाली आपला संसार चालवत असतो. तो भांगलून का संपत नाही, हे त्या दिवशी कळलं.

वहीतली एक मोठी चूकही आज सापडली. दोन आठवडे ज्यांना मी मधमाश्या म्हणून काड्या मारल्या त्यातल्या निम्म्या मधमाश्या नव्हत्याच. पिवळे-काळे पट्टे तसेच, पण फोटो मोठा करून बघितला तर डोळे डोकं व्यापून राहिलेले, मिशा अगदी आखूड, आणि पंखांची एकच जोडी. मधमाशीला दोन जोड्या असतात. ही हॉवरफ्लाय, हवेत एका जागी स्थिर राहणारी माशी. डंख नाही, नुसता गणवेश चढवलेला. यांतल्या पुष्कळ जातींच्या अळ्या मावा खातात, म्हणजे आमच्या घेवड्यावरचा मावा यंदा आपोआप कमी का, याचं उत्तर कदाचित इथंच आहे. वहीतल्या जुन्या काड्या खोडल्या नाहीत, समोर प्रश्नचिन्ह टाकलं.

२५ जुलै, गुरुवार

पाऊस. काडी शून्य. आघाड्याच्या पानाखाली एक फुलपाखरू उलटं लटकून होतं, पंख मिटून. सकाळी होतं, संध्याकाळीही तिथंच.

२८ जुलै, रविवार

लेकीनं पुण्याहून तिचा जुना निकॉन कॅमेरा आणि १८-५५ मिलिमीटरची लेन्स पाठवली होती, तिचा आज मेळ बसला. मॅक्रो लेन्स घ्यायची म्हणजे पेन्शनीतून हप्ते. त्याऐवजी उलट-कडं मिळतं, त्यावर लेन्स तोंड आत करून बसवायची. लेन्स उलटी झाली की बारीक वस्तू मोठी दाखवते, आणि गंमत म्हणजे १८वर जास्त मोठी, ५५वर कमी.

अडचण एकच. या लेन्सला छिद्र कमी-जास्त करायची कडी नाही, ते काम कॅमेरा आतून करतो. उलटी लावल्यावर कॅमेऱ्याचा हात तिथं पोचत नाही, छिद्र पार बारीक होऊन बसतं आणि बघायच्या खिडकीत काळोख. लेन्सच्या मागच्या तोंडाला एक बारीक तरफ आहे. एसटीच्या तिकिटाची घडी करून तिथं पाचर मारली. घडी दोन पदरी की तीन पदरी, यावर छिद्र ठरतं. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाबा, तुम्ही कॅमेऱ्यालाही शिम घातला?" घातला.

फ्लॅशचा उजेड माशीच्या पाठीवर नुसता चकाकतो, त्यासाठी श्रीखंडाचा पांढरा डबा कापून पुढं बसवला. किड्यापासून अंतर चारेक बोटं. फोकसची कडी फिरवून उपयोग नाही, सगळं अंगच पुढं-मागं हलवायचं, श्वास धरून. स्पष्ट दिसणारी पट्टी मिलिमीटरभरही नाही. व्हर्नियरनं बारीक मापं घेतलेल्या माणसाला त्याचं भय वाटू नये, पण वाटतं. व्हर्नियरखालचा जॉब उडून जात नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

श्रावणातला पहिला शुक्रवार आणि नागपंचमी एकाच दिवशी. बायकोनं भांगलणीच्या मावशींना आजच बोलावून ठेवलं होतं. शेजारणींनी रानात साप असतो म्हणून तिच्या कानाशी लावलेलं. मावशी खुरपं घेऊन दारात आल्या, तर आईनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. नागपंचमीला माती उकरत नाहीत. प्रकल्प वाचला तो नागोबामुळं.

नंतर आई स्वतःच तुकड्यात शिरली आणि जिवतीच्या माळेसाठी आघाडा खुडायला लागली. मी म्हणालो, "आई, आज चालतं का?" तर म्हणे, "खुडणं वेगळं आणि चिरणं वेगळं. तुला काय कळतंय." पाच तुरे गेले. त्यांच्यावर मुंग्यांशिवाय कुणी येत नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो. तुऱ्याची बोंडं खाली तोंड करून असतात आणि लुगड्याला चिकटून घरभर जातात. आघाड्यानं माश्यांपेक्षा माणसांवर जास्त भिस्त ठेवली आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

टाकळा फुलला. आज जे बघितलं ते लिहायला दोन पानं लागली.

टाकळ्याच्या फुलात मध नाही, नुसते पराग आहेत, आणि तेही कुलूपबंद. परागकोशाला टोकाशी बारीक भोक असतं, मिठाच्या डबीसारखं. हलवल्याशिवाय सांडत नाही. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलातही अशीच रचना असते. फुलोरी येते, चाचपते, निघून जाते. मग एक माशी आली. पोटावर फिरोजी निळे पट्टे, छाती तपकिरी केसाळ. ब्लू बँडेड बी म्हणतात. तिनं परागकोशाला मिठी मारली, पंख अंगाशी मिटलेले, आणि आवाज बदलला. उडतानाचा गुं-गुं खालच्या पट्टीतला, हा चढा, टोचणारा. अर्धा सेकंद, थांबली, पुन्हा अर्धा सेकंद. पंख न हलवता उडण्याचे स्नायूच थरथरवायचे आणि त्या कंपानं पराग झाडून घ्यायचे. मधमाशीला ही विद्या येत नाही.

मला तो आवाज ओळखीचा वाटला. कटिंग टूल जॉबला जरा जास्त लागलं की चॅटर येतं, थरथरीचा कर्कश आवाज, तसाच. कारखान्यात त्या आवाजाला शिव्या खाल्ल्या, इथं त्याच्यावर फळधारणा चालते.

फोटो एकही नाही. ती फुलावर दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबत नाही आणि माझा श्वास धरून होईपर्यंत तिसऱ्या फुलावर असते. वहीत काड्या ९. आईला बोलावून आवाज ऐकवला. तिला ऐकू आला नाही, पण माशी दिसली. म्हणाली, "ही तर माझ्या तुळशीवर रोज असते." ऐंशी वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं.

२० ऑगस्ट, मंगळवार

तुळशीचा माग काढला. संध्याकाळी पावणेसातला वृंदावनामागच्या वाळल्या काडीवर त्याच निळ्या पट्ट्यांच्या माश्या ओळीनं, सहा. काडीला नुसत्या जबड्यानं धरून झोपलेल्या, पाय मोकळे. या नर असणार, माद्या जमिनीत बीळ करून राहतात. नरांना घर नाही, सांजेला एका काडीवर जमून मुक्काम. एसटी स्टँडवरच्या शेवटच्या गाडीची आठवण झाली.

इथं मात्र फोटो मिळाले, पाहिजे तेवढे. फ्लॅशनं एकानंही डोकं हलवलं नाही. तीस काढून झाल्यावर लाज वाटली, दिवा बंद केला.

काही जण किडा फ्रिजमध्ये ठेवून गारठवतात आणि मग निवांत फोटो काढतात. मी तसं करणार नाही. पहाटेचा गारठा फुकट आहे, आणि उठायची सवय शिफ्टनं लावलेलीच आहे.

२८ ऑगस्ट, बुधवार

दगडीपाल्यावर एक तपकिरी स्किपर फुलपाखरू शांत बसलं होतं. इतकं शांत की मी जवळ गेलो, आणखी जवळ गेलो, अठरा फोटो काढले. असा गुणी मॉडेल आजवर मिळाला नव्हता. आत येऊन संगणकावर बघितलं तर त्याच्या मानेखाली पांढरा खेकडा-कोळी. फुलपाखरू मेलेलं होतं. मी प्रेताला छान पोझ देतोस म्हणून शाबासकी देत होतो.

हा कोळी जाळं विणत नाही, फुलातच दबा धरतो. याच्या काही जाती पांढऱ्याच्या पिवळ्या होतात, फुलाप्रमाणं, त्याला काही दिवस लागतात. आता नियम केला : फार सोशिक दिसणाऱ्या किड्याच्या खाली आधी बघायचं.

३ सप्टेंबर, मंगळवार

भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी पिवळी पडली आहे. तीन दिवस कळेना, मुळं कुजली म्हणावं तर पाऊस उघडलेला. आज कळलं, भिंतीपलीकडं गणपतीच्या साफसफाईसाठी तणनाशक मारलं होतं, वाऱ्यानं इकडं आलं. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "अहो काका, तुमच्याकडंबी तणच होतं की, फुकटात निघालं." यावर काय बोलणार? त्यांच्या बाजूनं बघितलं तर खरंच आहे.

दगडीपाला निम्मा गेला. आजच्या काड्या ७, गेल्या मंगळवारी ३१ होत्या. भिंतीवर जुनं पत्र्याचं पान आडवं लावलं. तेरड्यापर्यंत पोचलं नव्हतं, एवढं नशीब.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज गौरी आल्या. आमच्याकडं तेरड्याची गौर असते आणि तेरडा यंदा बाजारातून आणायचा नाही, असं आईनं महिनाभर आधीच ठरवून टाकलं होतं. मी मोजणी दाखवली, काड्या दाखवल्या. आईनं वही बाजूला केली. "तेरड्याचा रंग तीन दिवस. पुढं तू काय मोजणार आहेस?" तह झाला : पंधरा रोपांतली पाच तिची.

म्हण रंगाची आहे, पण तीन दिवसांत फूल आपलं कामही बदलतं, हे मी गेल्या आठवड्यात रोज एकाच फुलाचे फोटो काढून बघितलं. आधी आत वरच्या बाजूला परागांची पांढरी टोपी असते, येणाऱ्याच्या पाठीला पराग लावणारी. मग ती टोपी आख्खी गळून पडते आणि तिच्याखालून स्त्रीकेसर उघडा होतो, दुसरीकडून आणलेले पराग घेणारा. आधी नर, मग मादी. मध मात्र मागच्या वाकड्या शेपटीत, लांब सोंडेवाल्यालाच मिळेल असा. निळ्या पट्ट्यांची माशी इथंही पहिली.

संध्याकाळी गौरीला साडी नेसवताना बायको ओरडली. तेरड्याच्या देठावरून बोटभर काळी अळी चालत होती, अंगावर पिवळ्या टिकल्यांची ओळ, त्यातल्या काही डोळ्यांसारख्या, आणि शेपटीला काटा. हॉकमॉथ नावाच्या पतंगाची अळी. तेरड्यावर वाढणारी, म्हणजे आमच्याच तुकड्यातून गौरीबरोबर आत आलेली. बायको काठी शोधत होती. आई म्हणाली, "राहू दे. आजच्या दिवशी घरात आलंय, माहेरवाशीण समज."

मग ती काचेच्या बरणीत, तोंडाला फडकं, आत तेरड्याची पानं. गौरीच्या डाव्या हाताला ठेवली. हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांनी आधी गौर बघितली आणि नंतर बरणी. एकीनं तिलाही कुंकू लावायचं म्हटलं, तेवढं मी होऊ दिलं नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-विसर्जन. दोन दिवसांत अळीनं अकरा पानं संपवली. आज तिला उरलेल्या दहा रोपांपैकी सगळ्यात दाट रोपावर सोडली. आईनं दहीभात ठेवला तो तिच्यासाठी नव्हता, पण ठेवला जवळच.

२४ सप्टेंबर, मंगळवार

कासला जाऊन आलो, वार मुद्दाम मधला निवडला. २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटात फुलांपेक्षा गाड्या जास्त. गेंद आणि सीतेची आसवं छान होती. सीतेची आसवं म्हणजे नाजूक जांभळी फुलं, आणि ओल्या मातीत तिच्याच अंगाला बारीक पिशव्या, ज्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून गिळले जातात. वर माशीचं स्वागत, खाली शिकार.

पण तिथं स्टूल टाकून बसता येत नाही, आणि बसू देऊही नये. एका फुलापुढं मी वीस सेकंद थांबलो तर मागून, "काका, जरा सरका." घरी येऊन तुकड्यात दिवा लावून बसलो. अळी दिसली नाही. कोष करायला खाली पाचोळ्यात उतरली असेल किंवा बुलबुलनं नेली असेल.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला, ऊन तापलं. कोपऱ्यात खुळखुळ्याचं एक रोप आपोआप आलं होतं, त्याच्या वाळत्या काड्यांवर सकाळपासून फुलपाखरं. टायगर आणि क्रो, दोन्ही घराण्यांतली. फुलावर नव्हे, वाळलेल्या देठावर सोंड लावून. खुळखुळ्यात एक विषारी द्रव्य (अल्कलॉइड) असतं, नर ते शोषून घेतात आणि त्यापासून मादीला ओढणारा गंध तयार करतात. पोटासाठी नाही, लग्नासाठी चाललेली खटपट. माझ्या नियमानं यांना काडी मिळत नाही, कारण फुलात तोंड नाही. फोटो मात्र दोनशे.

२७ ऑक्टोबर, रविवार

फराळाच्या गडबडीतून सुटून आज वही आणि फोटो समोरासमोर मांडले.

फोटो २,३००च्या आसपास. ठेवण्याजोगे ४१. त्या ४१मध्ये फुलपाखरं २६, झोपलेल्या माश्या ६, कोळी ४, बाकी किरकोळ. वहीत उलटं. सगळ्यात जास्त काड्या तांदळाएवढ्या काळ्या माशीच्या, मग हॉवरफ्लाय, मग फुलोरी, निळ्या पट्ट्यांची चौथी. फुलपाखरं त्या सगळ्यांच्या मागं, आणि त्यातही एकच फूल किती वेळ धरून बसतील सांगता येत नाही. काळ्या माशीचा धड एकही फोटो नाही. मीच काढले नाहीत. चार महिने तिच्याकडं बघून काडी मारली आणि कॅमेरा उचलून दुसरीकडं वळलो. माझ्या अल्बमवरून कुणी ठरवलं की सातारच्या परसात फुलपाखरंच परागीभवन करतात, तर दोष माझा.

उद्या वसुबारस. परवापासून पहाटे फक्त काळी माशी.

३० ऑक्टोबर, बुधवार

काळी माशी : चौदा फोटो, दोन बरे. जवळून ती काळी नाही, हिरवट चमक आहे आणि मागच्या पायांना परागांचे पिवळे पायमोजे.

सांजेला नळाजवळच्या गुलबासाची फुलं उघडली होती. तो कुणी लावलेला नाही, दर पावसाळ्यात येतो. बायको अंगणात पणत्या मांडत होती. तिनंच हाक मारली, "अहो, बाहेर या, काहीतरी मोठं आलंय." फुलापुढं हवेत स्थिर, पंख दिसतच नव्हते, नुसती धूसर वर्तुळं, आणि लांब सोंड सरळ फुलाच्या नळीत. तिनं मोबाइलचा उजेड टाकला तेव्हा पाठीवर दोन चंदेरी समांतर रेघा चमकल्या. हॉकमॉथ. तेरड्यावरच्या अळीचा पतंग याच रेघांचा असतो. तीच का, ते कसं सांगणार.

कॅमेरा आत होता, लेन्स सुलटी लावलेली, पाचर काढून ठेवलेली. मी आत जायला वळलो तर म्हणाली, "थांबा, जाईल ते." सहा फुलं झाली, सातव्यावरून ते भिंतीपलीकडं गेलं.

वही पायरीवर होती. तिनं पेन मागून घेतलं आणि काड्या मारल्या, सहा. सातव्या फुलात तोंड घातलं की नाही, यावर जेवणापर्यंत वाद चालला.